हसण्याची रेघ

२ फेब्रुवारी

ही डायरी औषध कंपनीच्या माणसानं दवाखान्यात वाटलेली आहे, तीही गेल्या वर्षीची. त्यामुळे तारखा खऱ्या आणि वार खोटे. ताई म्हणाली, "बोलवत नसेल तर लिही. पण आतल्या आत कुढत बसू नकोस, घुम्या." आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच भावंडं या घरात राहतो. ती पुढच्या खोलीत कपडे शिवते आणि मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या करतो. ती दिवसभर बोलते, मी दिवसभर गप्प असतो. घरात हिशोब बरोबर जमतो.

लिहायचं कारण असं की परवा उस्ताद निवृत्त झाले. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांचा हात आता कापतो. चौदा वर्षं ते पुढे जाऊन पेशंटला भेटायचे आणि मी मागे बसून दात लावायचो. मला पुढे जावं लागलं नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी चौदा वर्षं टिकलो.

आता पुढे जायचं ते रेघेसाठी. दात नसलेल्या माणसाच्या तोंडात आम्ही आधी मेणाची पट्टी बसवतो. मग त्याला मनापासून हसायला सांगायचं. हसताना वरचा ओठ जिथपर्यंत उचलला जातो, तिथं मेणावर आडवी रेघ मारायची. दात किती उंच घ्यायचे ते त्या रेघेवर ठरतं. रेघ खाली पडली तर दात आखूड होतात, आणि माणूस हसला की दातांपेक्षा प्लॅस्टिकची गुलाबी हिरडीच जास्त दिसते. बाकीकडे ही रेघ डॉक्टरच मारतात म्हणे. आमच्याकडे उस्तादांनी शिरस्ता घातला: रेघ डॉक्टरांनी नाही, कवळी करणाऱ्यांनीच मारायची. डॉक्टरबाईंनी तो मोडला नाही. आज मी त्यांना विचारलं, की आता तुम्हीच माराल का? त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. कपाळाला तीन आठ्या. पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

परवा पहिला पेशंट आहे.

४ फेब्रुवारी

पेशंटनं तारीख पुढे ढकलली. इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

६ फेब्रुवारी

झालं एकदाचं.

पेशंट म्हणजे मागच्या गल्लीतले सलूनवाले काका. सत्तरीला आलेले, ताठ, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेले. दोन वर्षांपूर्वी उरलेले दातही गेले, तेव्हापासून कुणाशी धड बोलत नाहीत असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बोलताना ओठ आत घेतात. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "नवा का रे तू?" मी म्हणालो, "चौदा वर्षं झाली." 

पट्टी बसवली. हात थरथरत होता, पण बसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, आता अगदी मोकळं हसा."

इथपर्यंत सगळं आठवतं. त्यांचा ओठ हलायला लागला. इतक्या जवळून कुणी हसायला लागलं की मला तिथं थांबवत नाही. का ते सांगता येत नाही. वाटतं, हे आपल्यालाच हसतायत, किंवा आता उलट हसून दाखवायला लागेल आणि ते जमणार नाही. नजर आपोआप डॉक्टरबाईंकडे गेली. परत त्याच तीन आठ्या. त्यांचा चष्मा आज कुठे राहिला होता कोण जाणे, डोळे बारीक करून बघत होत्या. तिथून माझी नजर खिडकीत गेली. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. परत आलो आणि रेघ मारली.

मारली तेव्हा ते पूर्ण हसत होते की ओठ मिटत आले होते, नक्की सांगता येणार नाही. पण रेघ सरळ आली.

काउंटरवाली दारात उभी राहून सगळं बघत होती. पेशंट गेल्यावर म्हणाली, "छान झालं हो." टोमणा मारायची एवढी हौस कशाला असते माणसाला?

७ फेब्रुवारी

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, दात राहतात. ताईचा खालचा एक दात आडवा आहे, दोरा तोडून तोडून त्याला खाच पडली आहे. डॉक्टरबाईंच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, लोकांचे दात नीट करतात आणि स्वतःची फट बुजवत नाहीत. उस्तादांचे सगळे स्वतःचे, चहानं पिवळे. रस्त्यात कुणी "ओळखलंत का?" म्हणालं की मी तोंड उघडायची वाट बघतो.

काउंटरवालीचे दात मात्र मला माहीत नाहीत. सहा वर्षं झाली तिला येऊन. रोज निघताना "येते हं" एवढं म्हणते आणि जाते. दात दिसलेत असं आठवत नाही. काही माणसं हसतच नाहीत, तशातली असणार.

१३ फेब्रुवारी

आज ट्रायल होती. म्हणजे दात मेणात लावून तोंडात बसवून बघायचे. काही चुकलं असेल तर अजून बदलता येतं. एकदा प्लॅस्टिक भाजलं की संपलं.

डॉक्टरबाईंना नेमका फोन आला. फोन कानाला धरूनच म्हणाल्या, "काका, हसा. बघ रे जरा, ठीक दिसतायत ना?"

मी म्हणालो, "ठीक आहे."

काकांचे बूट काळे होते. उजव्या बुटाची लेस सैल होती. डाव्या बुटाचा तळवा कडेनं उसवला होता. हे सगळं मी बघितलं.

१४ फेब्रुवारी

काल लिहिलेलं वाचलं. ठीकच असतील दात. माझा हात चांगला आहे, उस्ताद सांगायचे. उगाच खोटं कशाला बोलतील.

२१ फेब्रुवारी

काकांना कवळी दिली. डॉक्टरबाईंनी हातात आरसा दिला. काका बराच वेळ बघत राहिले, मग तो आरसा त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नवीन आहे ना. सवय होईल." काका हो म्हणाले.

मी मागच्या खोलीच्या दारातून बघत होतो. सुटलो असं वाटलं. ताईला सांगितलं, एक काम हातावेगळं झालं. ती म्हणाली, "मग तोंड असं का?" मी म्हणालो, तोंड असंच असतं.

२ मार्च

काका परत आले. मी आत होतो, पण आमचं दार लाकडाचं नाही, काचेचंही नाही, नुसता पडदा आहे.

"हसलं की हिरडीच दिसते सगळी. नातेवाईक म्हणतात, दात कुठे गेले."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, एक महिना थांबा. हिरड्या बसतात, ओठ सैल पडतो. या वयात सवय व्हायला वेळ लागतो." मग पडद्याकडे तोंड करून, "काय रे, तुझी रेघ बरोबर होती ना?"

मी म्हणालो, "हो."

एकच अक्षर. ते म्हणताना हातातली मेणाची सुरी खालीसुद्धा ठेवली नाही.

ते गेल्यावर वही काढली. रेघ मेणाच्या खालच्या कडेपासून किती उंच आली ते आम्ही वहीत लिहितो. काकांची आठ मिलिमीटर. मग उस्तादांची पानं मागे मागे उलटत गेलो. दहा. अकरा. साडेनऊ. अकरा. पाच वर्षांत आठ कुठेही नाही. काकांचा ओठच लांब असेल, असतात काहींचे तसे, असं मी स्वतःशी दोनदा म्हणालो. मग वही मिटली.

माझ्या चुकीचं खापर त्यांच्या वयावर फुटलं आणि मी मूग गिळून गप्प बसलो. हे इथं लिहितानाही अक्षर बारीक येतंय.

५ मार्च

डॉक्टरबाईंना नवा चष्मा मिळाला. आज आठ्या नव्हत्या. काहीतरी आनंदाची बातमी असावी त्यांच्या घरी.

९ मार्च

घरी येताना मागच्या गल्लीतून आलो. एरवी येत नाही, कारण सलूनच्या बाहेर बाक आहे आणि बाकावर माणसं असतात. आज बाक रिकामा होता.

काचेतून आत बघितलं. काका एकाची दाढी करत होते. तोंडावर कापडी मास्क. कानामागे नाड्या नीट बांधलेल्या, म्हणजे आजचाच नव्हे, रोजचा. गिऱ्हाईक काहीतरी बोलत होतं आणि काका मान हलवत होते. नुसती मान.

माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते कळलं. एका माणसाचं तोंड मी बंद केलं. आधी निदान दात नाहीत म्हणून बंद होतं. आता दात असून बंद आहे.

ताईनं जेवायला वाढलं. नीट जेवलो नाही. ती म्हणाली, "कुणी काही बोललं का तुला?" मी म्हणालो, नाही, कुणी काहीच बोललं नाही. तेच तर.

११ मार्च

ठरवून गेलो. काय बोलायचं ते तीन वाक्यांत कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं. सलूनच्या दारात पोचलो आणि तीनही वाक्यं पळाली. काकांनी खुर्ची झटकली, हातानं बस म्हणून खूण केली. मी बसलो. गळ्याभोवती कापड बांधलं गेलं आणि हात त्या कापडाखाली अडकले, कागदही अडकला. कबुली द्यायला गेलेला माणूस केस कापायला बसला. हे फक्त माझंच होऊ शकतं.

मी सलूनमध्ये जातच नाही. समोर एवढा आरसा, त्यात आपण, त्यात मागे कुणीतरी. माझे केस ताई कापते.

"कुणी कापले हे?" काकांनी मास्कमधून विचारलं.

"बहिणीनं."

"शिवणकाम करते का?"

"हो. कसं कळलं?"

"टिपेला धरून कापलेत."

कात्री चालू झाली. मी मांडीवर पडलेल्या केसांकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "मान वर कर. खाली बघितलंस तर मागे पायऱ्या पडतील."

"नको, काका."

"आरशात बघ म्हणतोय, माझ्याकडे नाही. पंचेचाळीस वर्षं झाली, मी एकाही गिऱ्हाइकाकडे समोरून बघितलेलं नाही. मागेच उभा असतो ना! सगळी माणसं मला आरशातून माहीत. आरशातलं माणूस अंगावर येत नाही. बघ."

मी बघितलं. काकांनी कात्री खिशात ठेवली आणि मास्क हनुवटीखाली ओढला. मग हसले.

गुलाबी पट्टा दिसला. त्याच्या खाली दातांची नुसती कड. माझे दात. पॉलिश चांगलं केलेलं, रांग सरळ, आणि सगळं चुकलेलं. ते मुद्दाम हसू धरून ठेवत होते, मला बघता यावं म्हणून. मला नजर फिरवायची होती, पण आरशात जिकडे फिरवावी तिकडे तेच होते.

"काका, हे माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. आवाज कुणाचातरी भलत्याचाच आला. "मी रेघ न बघता मारली. ट्रायललासुद्धा बघितलं नाही. तुमच्या वयाचं काही नाही त्यात. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"अरे, मी तुझ्याकडेच बघून हसत होतो ना त्या दिवशी! तुझा हात असा लटपटत होता, मला वाटलं हा आता माझ्या तोंडात मेण सांडतो. म्हटलं, घाबरलाय बिचारा, जरा मोठं हसावं म्हणजे सावरेल. दोन वर्षं कुणासमोर तोंड उघडलं नव्हतं मी, घरच्यांसमोरसुद्धा नाही. तेव्हा उघडलं. आणि तू गेलास खिडकीत."

मला रडू आलं, आणि गळ्याभोवतीच्या कापडामुळे डोळे पुसता येईनात. काकांनी गिऱ्हाइकाचा टॉवेल दिला. म्हणजे डोळ्यांवर टेकवला, मी काही हात बाहेर काढू शकत नव्हतो.

"मग तुम्ही डॉक्टरबाईंना सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं तर चहाडी. तू सांगितलंस तर ते वेगळं." त्यांनी मास्क परत वर चढवला. "पण लवकर सांग. माझा धंदा हाताचा कमी, तोंडाचा जास्त. गप्प न्हाव्याकडे कुणी दुसऱ्यांदा येत नाही. आणि मलाही करमत नाही रे. बोलायचं खूप साठलंय."

उठताना म्हणाले, "तुमच्याकडची ती हसरी बाई आहे ना, ती त्या दिवशी बाहेर मला म्हणाली, पहिल्यांदाच पुढे आलाय, हात फार चांगला आहे त्याचा, सांभाळून घ्या."

"कोणती हसरी?"

"अरे, एकच तर बाई बसते तुमच्या काउंटरवर!"

काकांचा काहीतरी घोटाळा होतोय. दोन-तीन दवाखाने फिरले असतील ते.

१२ मार्च

सांगितलं नाही. डॉक्टरबाई घाईत होत्या.

१३ मार्च

डॉक्टरबाई मुळीच घाईत नव्हत्या. चहा पीत बसल्या होत्या. मी पडद्यापर्यंत चारदा गेलो आणि चारदा परत आलो. काउंटरवालीनं विचारलं, "काही हवंय का?" मी म्हणालो, नाही. तिनं चहाचा एक कप पडद्याशी आणून ठेवला. निवला तो तसाच. चीड येते स्वतःची.

१४ मार्च

सांगितलं.

सकाळी त्या ॲप्रन चढवत असतानाच. एका दमात सांगितलं, रेघेचं, ट्रायलचं, "हो" म्हणालो त्याचं. डोळे त्यांच्या ॲप्रनच्या दुसऱ्या बटणावर होते.

"तू ठीक आहे म्हणालास," त्या म्हणाल्या.

"न बघता म्हणालो."

"आणि मी त्या माणसाला म्हातारपणावरून उपदेश केला."

 त्या खूप चिडल्या होत्या, ते मला बटणावरूनही कळलं. चौदा वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. म्हणाल्या, पेशंटच्या तोंडात तू काय बसवतोस ते तुला बघवत नसेल तर हे काम सोड. तुला पुढे यायचं नसेल तर मी दुसरा माणूस बघते, तू मागे बस आणि तो सांगेल ते कर. म्हणाल्या, विचार कर आणि दुपारपर्यंत सांग.

मागे बसायचं. मी हेच मागत होतो की २ फेब्रुवारीला. आयतं मिळत होतं. मग मास्कच्या त्या कानामागे बांधलेल्या नाड्या आठवल्या. दुपारी जाऊन म्हणालो, "काकांची रेघ मी परत मारतो. ती झाली की मग तुम्ही ठरवा."

त्यांनी ॲप्रनच्या खिशात हात घातले. मग म्हणाल्या, "तू न बघता बोललास. मी फोनवर होते, मीही न बघता ऐकलं. माझीपण चूक आहे. पण काकांना फोन तू करायचास."

केला. दोन मिनिटं. फोन ठेवला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

१८ मार्च

काका आले ते काखेत आरसा घेऊन. गिऱ्हाइकाला मानेची मागची बाजू दाखवतात तो, पण मोठा, लाकडी चौकटीचा. "तुमचा आरसा पावडरच्या डबीतला आहे," असं डॉक्टरबाईंना म्हणाले. मास्क दारातच काढून खिशात घातला.

मी खुर्चीच्या मागे उभा राहिलो, न्हाव्यासारखा. आरसा समोर कुणीतरी धरायला हवा होता, म्हणून काउंटरवालीला बोलावलं. तिचा चेहरा आरशाच्या मागे गेला, चौकटीवर नुसती बोटं दिसत होती. मला बरंच झालं.

मेणाची पट्टी बसवली.  आरशात डावं-उजवं उलटं होतं, पण वर-खाली तेच राहतं. आडव्या रेघेला तेवढं पुरतं. हे मी रात्रीपासून घोकत होतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हसा, काका."

ओठ हलला.  नजर सुटायला लागली, खिडकी कुठे आहे ते मला पाठ होतं. काका आरशातून माझ्याकडेच बघत होते. ओठ वर गेला, आणखी वर गेला, गालांना घड्या पडल्या, डोळे बारीक झाले. मला वाटत होतं त्याच्या कितीतरी पुढे जातं हसू. मला कधी माहीतच नव्हतं ते कुठवर जातं. मी दरवेळी सुरुवातीलाच निघून जात होतो.

रेघ मारली. हात पुढून वळवून, आरशात बघत. नंतर समोर येऊन तपासली. सरळ होती.

मोजलं. बारा मिलिमीटर.

आठ आणि बारा. त्या दिवशीही ते बाराच हसले असणार, माझ्यासाठी. मी त्यातलं आठ घेतलं आणि तेच त्यांच्या तोंडात बसवलं. वहीत बारा लिहिलं आणि पहिल्या आठवर काट मारली नाही. उस्तादांच्या पानांत तसलं आठ नाही, माझ्या पानावर राहू दे.

२५ मार्च

ट्रायल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बघ." मी आरशातून बघितलं. मग त्या म्हणाल्या, "समोरून." समोरूनही बघितलं, मनात तीन मोजेपर्यंत. डावीकडचा एक दात जरा पुढे आला होता, तो मागे घेतला. "ठीक आहे," म्हणालो.

बुटांबद्दल आज काही सांगता येणार नाही.

२ एप्रिल

काकांनी कवळी लावली, आरशात बघितलं, ओठ वर करून, खाली करून, बाजूनं. मग एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेर बसलेल्या पेशंटनं दारातून डोकं आत घातलं. मग बोलायला लागले ते थांबेचनात. दोन वर्षांचं साठलेलं होतं. पहिला अर्धा तास आमच्या वाट्याला आला. कुठल्या गिऱ्हाइकाचं लग्न कसं मोडता मोडता जमलं तेही सांगून झालं. शेवटी डॉक्टरबाईंनी घड्याळ दाखवलं. जाताना काकांनी मास्क माझ्या टेबलावर ठेवला. "कामाला येईल तुला, प्लॅस्टरची धूळ उडते," म्हणाले.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. झालाही. पण त्यातही मध्येच आठवत होतं, की हा माणूस महिन्याहून जास्त माझ्यामुळे नुसती मान हलवत होता. हे काही लवकर जायचं नाही.

डॉक्टरबाईंनी लिहिलेल्या उद्याच्या यादीत रेघेच्या पेशंटसमोर माझंच नाव आहे.

अजून एक लिहायचंय. ते लिहायला लाज वाटतेय, म्हणून हे सगळं आधी लिहून घेतलं.

संध्याकाळी मी प्लॅस्टर धुवत होतो. काउंटरवाली पडद्यापाशी आली, रोजच्यासारखीच, पर्स खांद्याला. "येते हं," म्हणाली.

मी म्हणालो, "या. उद्या भेटू."

ती निघाली होती ती थांबली. वळली. पर्स खांद्यावरून काढून हातात घेतली. "काय म्हणालात?"

मला वाटलं, चुकलं काहीतरी. नजर खाली चाललीच होती. तिथं आरसा नव्हता. मी मनात एक, दोन म्हणालो आणि समोर बघितलं.

ती हसत होती. वरच्या ओळीत डावीकडचा दुसरा दात शेजारच्यावर थोडा चढलेला आहे. जिवणी रुंद आहे, दहा-साडेदहाची रेघ सहज यावी. हसणं नवीन नव्हतं. ओठांच्या कडेच्या घड्या पाडायला वर्षं लागतात, हे मला चेहऱ्यांतलं कळत नसलं तरी एवढं कळतं. ती रोज इथंच उभी राहून हेच हसत असणार. सहा वर्षं. मी, दातांवरून माणसं ओळखणारा.

घरी येऊन ७ फेब्रुवारीचं पान काढलं. "काही माणसं हसतच नाहीत." ६ तारखेचंही वाचलं, तो टोमणा, तो टोमणा नव्हताच. दोन्ही पानं फाडावीशी वाटली. ताई पलीकडून म्हणाली, "काय फाडतोयस रे?" मी म्हणालो, काही नाही. फाडली नाहीत.

पडद्यापाशी मी काय म्हणालो ते राहिलं. ती विचारत होती, काय म्हणालात. माझ्या हातावरून प्लॅस्टरचं पाणी ठिबकत होतं, कानांपर्यंत लाल झालो असणार.

मी परत म्हणालो, "उद्या भेटू."